जुन्या संगणकाला नवी डिस्क

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरचा संगणक सुरू होईपर्यंत आईचा चहा उकळून, गाळून, पिऊनसुद्धा होत असे. ही अतिशयोक्ती नव्हे. गेल्या वर्षी मी एकदा घड्याळ लावून बसले, तेव्हा बटण दाबल्यापासून हिशेबाचे पान समोर येईपर्यंत साडेनऊ मिनिटे गेली. "म्हातारं झालंय ते," एवढे बोलून अण्णा मोकळे झाले.

हा संगणक मामाचा. तालुक्याच्या गावी त्याचे डीटीपीचे दुकान होते. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, निवडणुकीची हस्तपत्रके अशी कामे तो करी. २०१२ साली त्याने हे यंत्र घेतले आणि २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद झाले, तेव्हा ते आमच्या घरी आणून ठेवले. अण्णा मार्केट यार्डात हमाली करतात, आई सातवीपर्यंत शिकलेली. त्यामुळे या यंत्राचे काही बिनसले तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न आमच्याकडे कायमच अनुत्तरित. शेवटी तो मीच सोडवायचा ठरवला. कला शाखेच्या विद्यार्थिनीने हार्ड डिस्कवर लेख लिहावा याबद्दल विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी मला क्षमा करावी. चुकले तिथे त्यांनी कान धरावा.

संगणक नुसता मंद असता तर मी हे धाडस केले नसते. पण आई अकरा बायकांच्या बचत गटाची सचिव आहे. गट २०१९ चा. दरमहा प्रत्येकीचे शंभर रुपये, त्यातून कोणाला शेकडा दोनने दिलेले कर्ज, त्याचे हप्ते, उशिरा येणारीला दहा रुपये दंड, असा सगळा हिशेब आई वहीत लिहिते आणि मी संगणकावर उतरवते. मी नववीत असल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. त्यातली २०२०-२१ ची वही २०२१ च्या पावसाळ्यात छप्पर गळून भिजली. शाई पसरून पानांचा लगदा झाला. म्हणजे त्या वर्षाचा हिशेब राहिला तो फक्त या संगणकात. आणि दिवाळीच्या आधी संगणकातून 'कट्... कट्... कट्' असा आवाज येऊ लागला.

हा आवाज कशाचा, ते कळण्यासाठी हार्ड डिस्क आतून कशी असते हे थोडक्यात सांगायला हवे. बंद डबीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा थर असतो आणि त्या थरावर माहिती चुंबकीय खुणांच्या रूपाने लिहिलेली असते. आमच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावरून एक बारीक दांडी मागेपुढे सरकते. तिच्या टोकाशी वाचणारे व लिहिणारे डोके असते. ते तबकडीला टेकत नाही, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अशा अंतरावर हवेच्या थरावर तरंगते. पाहिजे ती जागा सापडली नाही की दांडी मूळ जागी परतते आणि पुन्हा शोधायला निघते. 'कट् कट्' वाजते ते बहुधा हेच.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि या कपाटाएवढ्या यंत्रात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. आमच्या घरची ५०० जीबीची डिस्क तिच्या लाखपट सामावून घेते आणि मावते मात्र तळहातावर. हे वाचल्यावर मला त्या डबीविषयी एकदम आदर वाटू लागला. तोवर तिच्यावर मी फक्त चिडत होते.

आजारी डिस्क ओळखायची एक सोय आहे. आपल्या तबकडीचे कोणते कप्पे निकामी झाले याची नोंद प्रत्येक डिस्क स्वतःजवळ ठेवते. एखादा कप्पा बिघडला की त्याच्याऐवजी राखीव कप्पा वापरते आणि तसे लिहून ठेवते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम ही नोंद वाचून दाखवतो. आमच्या डिस्कपुढे त्याने पिवळ्या रंगात 'कॉशन' म्हणजे 'सावधान' असे लिहिले. बदललेल्या कप्प्यांचा आकडा मी दोन दिवसांनी पुन्हा पाहिला, तर तो वाढलेला होता. एका मैत्रिणीने सल्ला दिला की 'चेकडिस्क' चालव, डिस्क दुरुस्त होईल. सल्ला सद्भावनेचा होता, पण तो मी मानला नाही. दुरुस्तीचा असा प्रोग्राम आधीच दमलेल्या डिस्कला तासन् तास पळायला लावतो. आधी आपला ऐवज बाहेर काढावा, दुरुस्तीचे मग पाहावे.

तेव्हा नवी डिस्क आणायला दुकानात गेले. 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम करून साठवलेले पैसे जवळ होते. दुकानदार काकांनी विचारले, "साधी हवी की एसएसडी?" साधी म्हणजे वर सांगितली ती फिरणारी. एसएसडीत काहीच फिरत नाही. तिच्यात चिप असतात आणि माहिती विद्युतभाराच्या रूपाने राहते. तेवढ्याच पैशांत फिरणारी डिस्क जास्त जागा देते, एसएसडी वेग देते. हा वेग येतो कुठून? संगणक सुरू होताना त्याला हजारो लहानलहान फाइली गोळा कराव्या लागतात. फिरणाऱ्या डिस्कला प्रत्येक फाइलसाठी दांडी हलवून तबकडीची ती जागा डोक्याखाली येण्याची वाट पाहावी लागते, आणि असे फार तर शंभरेक हेलपाटे ती एका सेकंदात करू शकते. एसएसडीला हेलपाटाच नाही. आमच्या यंत्रात जोडणीचा वेग सेकंदाला तीन गिगाबिट, म्हणजे साधारण ३०० एमबी एवढाच आहे. आजच्या एसएसडी त्याहून जलद असतात, त्यामुळे त्यांचा काही वेग जुन्या यंत्रात वाया जातो हे खरे. पण हेलपाटे वाचतात त्यापुढे ते नुकसान काहीच नाही. ५०० जीबीची एसएसडी घेतली.

घेण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे तोंड जुळते की नाही. फार जुन्या यंत्रांत ४० पिनांची रुंद, चपटी पट्टी असे. साटा नावाची अरुंद केबल २००३ च्या सुमारास आली आणि तीच पुढे रुळली. आमचे यंत्र साटाचे. दोन केबल लागतात. सात पिनांची माहितीसाठी आणि पंधरा पिनांची विजेसाठी. दोन्हींच्या तोंडाला इंग्रजी 'एल'सारखा कोन असतो, त्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत. बसत नसेल तर जोर लावू नये, फिरवून पाहावी. आमच्याकडे विजेची जादा केबल नव्हती. काकांनी एकाची दोन तोंडे करणारी केबल दिली.

घरी येऊन सीपीयू उघडण्याची मला घाई झाली होती, पण स्वतःला आवरले. आधी पेनड्राइव्ह लावला आणि आईच्या गटाचे फोल्डर त्यावर उतरवायला घेतले. २०१९ ची फाइल आली, पुढची वर्षेही आली. २०२०-२१ च्या फाइलपाशी मात्र पट्टी अडकली. कट्, कट्, कट्. बऱ्याच वेळाने पडद्यावर 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' अशी चूक दाखवणारा संदेश आला. त्याचा अर्थ असा की डिस्कवर माहितीबरोबर पडताळणीचा एक आकडाही लिहिलेला असतो, वाचलेली माहिती त्या आकड्याशी जुळली नाही, आणि पुनःपुन्हा वाचूनही जुळेना. यंत्र बंद करून थंड होऊ दिले, पुन्हा प्रयत्न केला. तेच. नेमकी जी वही भिजली, तीच फाइल गेली होती. आई शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, आत जाऊन भाकरी थापू लागली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

मग आठवले की डिसेंबर २०२० मध्ये कर्जाच्या कामासाठी बँकेला ही फाइल आम्ही मेलने पाठवली होती. पाठवलेल्या पत्रांत शोधले, आणि ती सापडली! पण तिच्यात नोव्हेंबरअखेरपर्यंतचाच हिशेब होता. डिसेंबर ते मार्च असे चार महिने राहिले. त्यांची गोष्ट शेवटी सांगते.

दुसऱ्या दिवशी सीपीयू उघडला. त्या पेटीला आपण सारे सीपीयू म्हणतो ते चूक आहे हे मला आता माहीत आहे, पण घरात दुसरा शब्द चालत नाही. प्लग भिंतीतून काढला. मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. आतल्या कशालाही हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावला. आपल्या अंगावर स्थिर वीज साचलेली असते, ती चिपवर उतरली तर चिप मरू शकते. विजेचा पुरवठा करणारा जो डबा आत असतो, एसएमपीएस, तो मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्यात धक्का देण्याइतकी वीज राहते. आतले दृश्य वर्णन करण्यासारखे नव्हते. बोटभर धूळ, मुंग्यांचे वारूळ होता होता राहिलेले, आणि कोपऱ्यात पालीची दोन वाळकी अंडी. रंगाच्या जुन्या ब्रशने सगळे झाडून काढले.

एसएसडी अडीच इंची, आमच्या पेटीतला खण साडेतीन इंची. त्यासाठी चौकट मिळते, ती मी आणायला विसरले होते. फिरणारी डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवावी लागते, कारण ती थरथरते. एसएसडीत हलणारे काही नसल्याने तिला एका बाजूने दोन स्क्रू लावले तरी चालते. तसेच केले. स्क्रूसुद्धा दोन जातींचे असतात. जुन्या डिस्कचे जाड आटे नव्या डिस्कला लागत नाहीत, लावायला गेलात तर आटे मरतात. नव्या डिस्कसोबत आलेले बारीक स्क्रूच वापरावेत.

केबल लावताना मात्र चूक केली. मदरबोर्डवर साटाची चार तोंडे आहेत. नव्या पाहुणीला मान म्हणून मी जुन्या डिस्कची पहिली जागा नवीला दिली आणि जुनीला दुसरीवर सरकवले. बटण दाबले. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली: 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. माझ्या पोटात गोळा आला. जुनी डिस्क हलवताना मेली असेच वाटले, आणि पेनड्राइव्हवर न घेतलेली मामाची सगळी कामे डोळ्यांपुढून सरकली.

खरे कारण अगदी साधे होते. बटण दाबल्यावर सर्वांत आधी बायोस नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहतो, डिस्कमध्ये नव्हे. विंडोज कुठे आहे हे तो ठरलेल्या क्रमाने शोधतो. आमच्या यंत्रात त्याने पहिल्या तोंडावरची डिस्क पाहिली, ती कोरी होती. तिथेच तो थांबला. सुरू करताना 'डिलीट'ची कळ दाबत राहून बायोसमध्ये गेले, तिथे दोन्ही डिस्कची नावे दिसली तेव्हा जिवात जीव आला. क्रमात जुनी डिस्क वर घेतली, एफ-१० दाबून जतन केले. विंडोज सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच पांढरी ओळ! रात्री वीज गेली होती, आणि घड्याळात २०११ साल. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना बायोसने केलेले बदल आणि घड्याळ तो जपतो. आमचा सेल केव्हाचाच संपलेला होता. वीज गेली की घड्याळ चुकते हे आम्ही वर्षभर पाहत होतो आणि दर वेळी नुसते घड्याळ लावत होतो. सेल बदलला आणि तो प्रश्न मिटला. सबंध खटाटोपातला हा सर्वांत स्वस्त भाग, पण डोके मात्र यानेच सर्वांत जास्त खाल्ले.

नवी डिस्क जोडली म्हणजे ती आपोआप दिसते असे नाही. 'माय कॉम्प्युटर'मध्ये तिचा पत्ताच नव्हता. कोऱ्या डिस्कवर आधी आखणी करावी लागते, शेतीआधी बांध घालावेत तशी. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये गेल्यावर नवी डिस्क 'इनिशियलाइज' करू का, असे ते विचारते. इथे दोन प्रकारची आखणी मिळते, एमबीआर आणि जीपीटी. एमबीआर जुनी. तिला दोन टीबीच्या पलीकडची जागा मोजता येत नाही, पण आमच्या बायोसला तीच समजते, म्हणून ती घेतली. या पडद्यावर दोन-दोनदा वाचावे. माहिती असलेल्या डिस्कविषयी हा प्रश्न आला तर कदापि 'हो' म्हणू नये. आणि 'फॉरमॅट' करण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक व आकार ताडून पाहावा. आमच्या दोन्ही डिस्क ५०० जीबीच्याच, म्हणजे आकारावरून ओळखू येईनात. नवीवर काहीच लिहिलेले नव्हते, त्यावरून ओळखली. मी तिचे दोन भाग केले. दीडशे जीबी विंडोजसाठी, उरलेले आपल्या कामासाठी.

पण एकूण जागा ५०० च्या ऐवजी ४६५ दिसत होती. अण्णा मागून पाहत होते. "पस्तीस कमी? पोत्यामागं तूट धरतात तशी हाय का?" मार्केट यार्डात आयुष्य गेलेल्या माणसाला वजनातली तूट लगेच दिसते. मी कागद घेऊन समजावले की ही तूट नव्हे, माप दोन आहेत. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, त्यांचा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. विंडोज दर पायरीला १,०२४ ने मोजते. त्यामुळे पाचशेचे ४६५ होतात, माल तेवढाच. अण्णांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "दोन मापं ठेवली की गिऱ्हाईकाचंच जातं." यावर मला उत्तर सुचले नाही.

जुन्या डिस्कवरचे निघेल तेवढे सगळे नव्या दुसऱ्या भागावर उतरवले. त्याला सबंध रात्र लागली. मग नव्याने विंडोज घालायचे होते. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रामही मिळतात, पण कप्पे बिघडलेल्या डिस्कची नक्कल अर्ध्यावर अडकते. म्हणून कोरे विंडोज घातले. ते घालताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. याची दोन कारणे. डोळ्यांवर झोप असताना चुकीच्या डिस्कवर बोट पडण्याची भीती राहत नाही. दुसरे म्हणजे दोन्ही डिस्क लावलेल्या असल्या तर विंडोज आपला सुरुवातीचा लहानसा भाग कधी कधी जुन्या डिस्कवर टाकते, आणि पुढे जुनी मेली की नवीही सुरू होत नाही.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ आमच्या यंत्राचा प्रोसेसर स्वीकारत नाही. म्हणून या संगणकावर बँकेचे व्यवहार करायचे नाहीत असे आम्ही ठरवले आहे. लिनक्स घालून पाहण्याचा विचार उन्हाळ्याच्या सुट्टीत आहे.

आता संगणक चाळीस सेकंदांत सुरू होतो. आई म्हणाली, "गॅस पेटवायलासुद्धा वेळ देईना." मोठ्या उत्साहाने गटाची फाइल उघडली आणि पुन्हा धक्का बसला. आकडे जसेच्या तसे, पण बायकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची रास! या वेळी फाइल बिघडलेली नव्हती. मामाने दुकानातल्या सवयीने आम्हाला जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट लावून दिला होता. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. फॉन्ट गेला की आतले मूळ इंग्रजी उघडे पडते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःच्या जागा आहेत, त्यामुळे त्यात लिहिलेले कुठेही वाचता येते. डीटीपीची दुकाने मात्र कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टवर चालली. जुन्या डिस्कची केबल पुन्हा लावली, विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून मामाचे फॉन्ट आणले, आणि नावे परत उमटली. मराठी माणसाने डिस्क बदलताना फाइलींबरोबर फॉन्टही उचलावेत, हे इंग्रजी पुस्तिकेत लिहिलेले नसते. नंतर मी अकराही नावे युनिकोडमध्ये नव्याने टंकित केली.

जुनी डिस्क अजून दुसऱ्या तोंडावर आहे. तिच्यावर मामाच्या पत्रिका आहेत, पण त्या नवीवरही आहेत. फक्त तिच्यावरच असेल असे मी आता काही ठेवत नाही. गटाचा हिशेब नव्या डिस्कवर, पेनड्राइव्हवर आणि मेलमध्ये असा तीन ठिकाणी असतो. पेनड्राइव्ह आई धान्याच्या कोठीत ठेवते, घरात नाही तो शेजारच्या काकूंकडे.

राहिले ते चार महिने. गटातल्या प्रत्येकीजवळ एक छोटे पासबुक असते. भाऊबीजेनंतरच्या बैठकीला आईने सगळ्यांना ती आणायला सांगितली. कोणाचे देवघरात होते, कोणाचे पिठाच्या डब्याखाली. एकीचे नातवाने रंगवलेले होते, पण आकडे दिसत होते. आई एकेक पासबुक उघडून वाचत गेली आणि मी टंकित करत गेले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. बचत, हप्ता, व्याज. मग गटाच्या बँक पासबुकातल्या भरण्याशी बेरीज ताडून पाहिली. बँकेत दहा रुपये जास्त होते.

पुन्हा बेरीज केली. दहा जास्तच. सगळ्या जणी आठवू लागल्या. कोणी म्हणाली सोडून दे, दहा रुपयांनी काय होतंय. आई मात्र बोटे मोजत बसली होती. मग एकदम म्हणाली, "दंड. दंड पासबुकात नाही चढवत आपण. जानेवारीच्या बैठकीला उशीर झालता."

"कोणाला गं?"

"मला," आई म्हणाली. मी जानेवारीच्या रकान्यात, तिच्या नावापुढे, दहा रुपये लिहिले.